वायद्याला तारीख हवी

मी वरूडला वाणिज्य शाखेत शिकवतो. मागच्या महिन्यात तिसऱ्या वर्षाच्या वर्गात शेअर बाजाराचा इतिहास चालला होता. फळ्यावर ‘बदला’ हा शब्द लिहिला आणि विचारलं, ‘अर्थ सांगा.’ मागच्या बाकावरून लगेच उत्तर आलं, ‘सूड, सर!’ वर्ग हसला, मीही हसलो. उत्तर चुकीचं नव्हतं, फक्त त्या बाजाराचं नव्हतं.

‘बदल’ हा मूळ अरबी शब्द. एकाच्या जागी दुसरं, हा त्याचा अर्थ. मुंबईच्या शेअर बाजारात या शब्दाला फार वर्षं एक खास अर्थ होता. समजा एकानं लाखभर रुपयांचे शेअर घेतले. हिशेब चुकता करायचा दिवस आला, पण त्याच्याकडे रोकड नाही, किंवा भाव आणखी वाढेल या आशेनं त्याला थांबायचं आहे. मग तो सौदा पुढच्या हिशेबाच्या दिवसावर ढकलला जाई. मधल्या काळात दुसरा कोणी पैसा लावी आणि त्या थांबण्याबद्दल खरेदीदाराकडून आकार घेई. तो आकार म्हणजे बदला. उलट, विकणाऱ्याकडेच शेअर नसले आणि बाजारात शेअरचा तुटवडा असला, तर आकार विकणाऱ्याला भरावा लागे. त्याला ‘उंधा बदला’ म्हणत. लंडनच्या बाजारात याच दोन गोष्टींना कंटँगो आणि बॅकवर्डेशन अशी नावं होती. हर्षद मेहता प्रकरणानंतर १९९३च्या अखेरीस बदल्यावर बंदी आली, पुढं तो सुधारून पुन्हा सुरू झाला, आणि २००१च्या जुलैपासून सेबीनं तो कायमचा बंद केला. आज शेअरचा सौदा झाला की दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पैसे आणि शेअर यांची अदलाबदल पूर्ण होते.

इथवर सांगून झालं तेव्हा पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिच्या घरी संत्र्याचा बगिचा आहे. म्हणाली, ‘सर, म्हणजे ज्यानं पैसे द्यायला उशीर केला, तोच त्या उशिराचे पैसे भरायचा?’ मी म्हटलं, ‘हो.’ ती म्हणाली, ‘आमच्याकडे तर उलटं आहे.’

तास संपला, पण तिचं वाक्य माझ्याबरोबर घरी आलं. या पानासाठी रमजानवर लिहायचं ठरलं तेव्हा रोजाचे आरोग्याला फायदे, शीरखुर्मा, इफ्तारची एकोप्याची छायाचित्रं असे नेहमीचे विषय समोर होते. ते लिहिणारे पुष्कळ आहेत. मी त्या मुलीला उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

तिच्या घरचा व्यवहार वरूड, मोर्शी, शेंदूरजना घाटच्या कोणत्याही वाचकाला मी नव्यानं सांगायची गरज नाही. पण हे पान दर्यापूर-अकोटकडेही वाचलं जातं, म्हणून थोडक्यात सांगतो. आमच्याकडे संत्र्याचे दोन बहार. अंबिया बहाराची फळं दिवाळीच्या आगेमागे तोडणीला येतात, मृग बहाराची फेब्रुवारीपासून पुढं. बरेच शेतकरी फळ तोडून बाजारात नेत नाहीत. व्यापारी बगिच्यात येतो, झाडं पाहतो, आणि अख्खा बगिचा उक्ता ठरतो किंवा हजारी भाव ठरतो. इसार म्हणून काही रक्कम हातात पडते. एक सौदाचिठ्ठी होते, कधी तीही होत नाही. तोडणी सुरू झाली की थोडे पैसे येतात. माल गाडीत भरून दिल्लीला, कोलकात्याला किंवा सरहद्दीपलीकडे बांगलादेशात जातो. आणि उरलेली रक्कम? ती ‘वायद्यावर’ असते.

वायदा हाही अरबी शब्द. उर्दूत ‘वादा’ म्हणजे वचन, मराठीत ‘वायदा’ म्हणजे मुदत. एकाच शब्दाची ही दोन घरं मला नेहमी आवडत आली आहेत. आपल्या देण्याघेण्याच्या भाषेत असे शब्द किती तरी आहेत. कर्ज, करार, कबूल, तारीख, हिशेब, वसूल, जामीन, दलाल, तगादा हे सगळे अरबी मुळाचे, आणि उधार, व्याज, ऋण हे संस्कृतातून आलेले. वरूडच्या कोणत्याही दुकानाच्या वहीत हे दोन्हीकडचे शब्द एका ओळीत नांदतात. कोणता शब्द कुठल्या धर्माचा, हे तिथं कोणी विचारत नाही.

तर बाजाराच्या भाषेत वायदा म्हणजे ठरलेल्या तारखेचा व्यवहार. वायदे बाजारात कापसाचा किंवा हळदीचा सौदा कोणत्या महिन्याचा, हे आधी ठरतं. महिना ठरला नाही तर तो वायदाच होत नाही. बगिच्यातल्या सौद्यात मात्र वायदा म्हणजे, ‘माल विकला की देतो.’ माल कधी विकला जाईल? ‘पाहू.’ गाडी पोचली का? ‘पोचली, पण भाव पडला.’ मग पैसे? ‘होऊन जाईल, काका. कुठं पळून चाललो का?’

आता हिशेब करा. शेतकऱ्याचे दोन लाख सहा महिने अडकले. त्या सहा महिन्यांत त्यानं कृषी केंद्रातून खत-औषध उधार घेतलं, तिथं रोखीचा भाव वेगळा आणि उधारीचा वेगळा. सोसायटीचं पीककर्ज थकलं, म्हणून वेळेवर फेडणाऱ्याला मिळणारी व्याजाची सवलत गेली. पोरीची फी भरायला खासगीतून पैसे उचलले, त्याचं व्याज वेगळं. उशीर केला व्यापाऱ्यानं, उशिराचा आकार भरला शेतकऱ्यानं. मुंबईच्या सटोडियांना जो नियम पाळावा लागे, तो आमच्या बगिच्यात उलटा फिरला आहे. बदला आहेच, फक्त तो भरणारा माणूस बदलला आहे. त्या मुलीला हेच म्हणायचं होतं.

याला कायदा नाही का? काही पिकांना आहे. ऊस नियंत्रण आदेश १९६६चा. कारखान्याला ऊस दिल्यावर चौदा दिवसांत पैसे दिले नाहीत, तर वर्षाला पंधरा टक्के व्याज लागतं. पश्चिम महाराष्ट्रातही थकबाकी राहते, आंदोलनं होतात, पण भांडायला हातात एक आकडा आणि एक तारीख असते. लहान उद्योगांसाठी २००६चा कायदा आहे. करार असला तरी त्यांचं देणं पंचेचाळीस दिवसांपलीकडे लांबवता येत नाही. संत्र्याच्या बगिच्यातल्या सौद्याला असं स्वतःचं काही नाही. बाजार समितीच्या आवाराबाहेरची फळं-भाजीपाल्याची खरेदी २०१६ पासून राज्यात नियमनमुक्त झाली. त्यामुळे तिथं जे काही आहे ते चिठ्ठीवर आणि माणसाच्या जबानीवर. चिठ्ठीवर तारीख नसेल तर कोर्टात जाऊन तरी काय दाखवणार?

वऱ्हाडाला हे दुखणं नवं नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी चालली होती, तिकडचा कापूस थांबला आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी इकडच्या कापसाकडे धाव घेतली. वऱ्हाडात चांदी आली. त्या पैशावर मुंबईत शेअरचे वायद्याचे सौदे सुरू झाले, आजचा भाव आणि पैसे १ जुलै १८६५ला. एप्रिलमध्ये यादवी संपली, कापूस कोसळला, आणि ती १ जुलै उजाडली तेव्हा मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखा त्या काळचा बडा दलालही त्यात सापडला. पण या गोष्टीत एक बारकावा आहे. त्या सौद्यांना तारीख होती, म्हणून खोटेपणा एका दिवसात उघडा पडला. तारीखच नसती तर ते बुडणं वर्षानुवर्षं चाललं असतं आणि कोणाचं घर कोणामुळे गेलं हे कळलंही नसतं.

पुढं १८८६ला कारंज्याला देशातली पहिली नियमन केलेली कापूसपेठ सुरू झाली, आणि १८९७ला वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. इंग्रजांना आपल्या गिरण्यांसाठी चांगला कापूस हवा होता हे खरं. पण वजनकाटा कोणाचा, दलाली किती, हे लिहून ठेवल्याशिवाय बाजार चालत नाही, हा धडा देशात आधी गिरवला तो आपल्या मुलखानं. त्याच मुलखात आज लाखोंचा बगिचा ‘होऊन जाईल’वर जातो.

आता रमजानच्या पानावर हे कशासाठी, ते सांगतो.

कुराणातली सर्वांत लांब आयत कोणती, असं मी कधी कधी मित्रांना विचारतो. हिंदू मित्र म्हणतात, नमाजाबद्दल असेल. मुस्लिम मित्रही कधी चुकतात. ती सूरह बकराची २८२वी आयत आहे, आणि ती उधारीच्या व्यवहाराबद्दल आहे. आशय असा : ठरलेल्या मुदतीचं देणंघेणं केलंत तर ते लिहून ठेवा. लिहिणाऱ्यानं न्यायानं लिहावं, लिहायला नकार देऊ नये. मजकूर देणेकऱ्यानं स्वतः सांगावा, म्हणजे कबुली त्याच्याच तोंडून होईल. साक्षीदार ठेवावेत. रक्कम लहान असो की मोठी, मुदतीसह लिहायचा कंटाळा करू नये. हातोहात रोखीचा व्यवहार असेल तर न लिहिलं तरी चालेल. त्याच्या दोनच आयती आधी सांगितलं आहे की, देणेकरी खरोखर अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी, आणि माफ करता आलं तर ते अधिक चांगलं.

यात उधारी वाईट म्हटलेली नाही. पैगंबरांनी स्वतः उधार घेतलं आहे. मदिनेत त्यांनी एका ज्यू व्यापाऱ्याकडून धान्य उधार घेतलं आणि आपलं चिलखत त्याच्याकडे गहाण ठेवलं, हे हदीसच्या विश्वसनीय ग्रंथांत आहे. एवढा मोठा माणूस, शब्दावर कोण देणार नाही? तरी तारण ठेवलं, तेही दुसऱ्या धर्माच्या माणसाकडे. ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ असं ते म्हणाले नाहीत. आमच्याकडे चिठ्ठीवर तारीख लिहा म्हटलं की पहिलं वाक्य हेच येतं.

पैगंबर मदिनेत आले तेव्हा तिथले लोक फळांसाठी एक-एक, दोन-दोन वर्षं आधी पैसे देऊन ठेवत. त्यांनी ती पद्धत मोडली नाही. माप ठरवा, वजन ठरवा, मुदत ठरवा, मग करा, एवढंच सांगितलं. इस्लामी व्यापारशास्त्रात याला ‘सलम’ म्हणतात. पैसे आधी देऊन माल नंतर घेणं म्हणजे सलम, आणि माल आधी घेऊन पैसे नंतर देणं म्हणजे ‘बै मुअज्जल’. दोन्हींत मुदत पक्की असावी लागते. बहुतेक फकीह म्हणजे धर्मशास्त्री असंही मानतात की, उधारीचा भाव रोखीपेक्षा जास्त असला तरी चालेल, पण तो सौद्याच्या वेळीच एकदा ठरावा. मुदत संपल्यावर ‘आणखी थांबतो, पण आकडा वाढव’ म्हणणं हे व्याज. इस्लामपूर्व अरबस्तानात देणेकऱ्याला तेच विचारलं जाई, देतोस की वाढवतोस? वर्गात फळ्यावर लिहिलेला बदला मला त्या प्रश्नाचाच सख्खा भाऊ वाटतो.

फळांबद्दल तर आणखी स्पष्ट सांगितलं आहे. झाडावरचं फळ पक्वतेला लागल्याचं दिसण्याआधी विकू नका, असा एक हदीस आहे. कारण फळ गळालं तर कोणाचा पैसा कोणी कशाच्या जिवावर घ्यायचा? दुसऱ्या एका हदीसचा आशय असा की, विकलेल्या फळावर आस्मानी संकट आलं तर विकणाऱ्यानं त्या फळाचे पैसे घेऊ नयेत. याच्या तपशिलांवर वेगवेगळ्या इमामांची मतं वेगवेगळी आहेत आणि तो वाद सोडवणारा मी कोणी नव्हे. पण संत्रं लिंबाएवढं असताना सौदा होतो, पुढं गारपीट होते किंवा फळगळ लागते, आणि मग पाटील एक आकडा सांगतो, व्यापारी दुसरा. हे भांडण ज्यानं एकदा तरी ऐकलं आहे, त्याला त्या हदीसमागची काळजी समजावून सांगावी लागत नाही.

आणि शेवटी एक कठोर गोष्ट : ऐपत असताना देणं लांबवणं हा जुलूम आहे, असं पैगंबरांनी म्हटलं आहे. जुलूम हा शब्द आपण सरकारसाठी, पोलिसांसाठी राखून ठेवला आहे. तो वहीतल्या टाळाटाळीलाही लागू होतो.

हे सगळं मी पुस्तकात नंतर वाचलं. शिकलो मात्र घरी.

१९९२ची गोष्ट. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असतं, त्यामुळे रमजान दर वर्षी मागं सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांनी फिरून त्याच ऋतूत येतो. तेव्हाचा रमजानही असाच मृग बहाराच्या तोडणीत आला होता. मी अकरा वर्षांचा होतो. अब्बा संत्र्याचे लहान व्यापारी होते. त्या वर्षी दिल्लीला माल पाठवला आणि तिकडून पैसा आला नाही. ज्यांचा बगिचा घेतला होता त्या काकांचे चौदा हजार राहिले होते.

काका सायकलवर यायचे. दारात उभे राहून विचारायचे, ‘बाबू, तुह्ये अब्बा हायेत का घरी?’ आणि मी, शिकवल्याप्रमाणे, म्हणायचो, ‘नाहीत. अमरावतीला गेले.’ अब्बा मागच्या खोलीत असायचे. त्यांचा रोजा असायचा. पहिल्यांदा काकांनी मान हलवली आणि गेले. दुसऱ्यांदा त्यांनी ओट्याखाली काढून ठेवलेल्या चपलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि गेले. माझ्या तोंडाकडे पाहून त्यांना सगळं कळलं असणार. आजही कोणी दारात येऊन नाव घेऊन विचारलं की मला ती नजर आठवते.

तिसऱ्यांदा ते आले तेव्हा मगरिबच्या अजानला पाच-सात मिनिटं होती. माझ्या आधी दादी दारात गेली. तिनं काकांना आत बोलावून बसवलं. मग मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं, अब्बांना म्हणाली, ‘बच्चे से झूट बुलवाता है, और रोजा भी रखता है?’

अब्बा बाहेर आले. अजान झाली. काकांपुढे खजूर आणि सरबत आलं. कोणी काही बोललं नाही. पाणी पिऊन झाल्यावर काका म्हणाले, ‘मले व्याज नको, बाप्पा. मले तारीख सांगा. तुमी तारीख सांगसान तं मी बी सोसायटीत तारीख सांगीन. रोज काय सांगू तिथं?’

अब्बांना मराठी लिहिता येत नव्हतं, काकांना उर्दू वाचता येत नव्हतं. माझी शाळेची वही आली. अब्बांनी सांगितलं, मी मराठीत लिहिलं. रक्कम चौदा हजार, तीन हप्ते, तीन तारखा. साक्षीला शेजारचे सावता माळ्याच्या मंदिरात भजनाला जाणारे काका आणि आमच्या मशिदीचे मुअज्जिन साहेब. दोघांनी सह्या केल्या. पान फाडून काकांनी घडी घातली आणि टोपीत ठेवलं.

पहिले दोन हप्ते तारखेला गेले. तिसरा जमत नव्हता. तेव्हा अब्बा त्या तारखेच्या आठ दिवस आधी स्वतः काकांच्या वाडीवर गेले, मला सायकलच्या दांडीवर बसवून. म्हणाले, ‘महिना लागेल.’ काका म्हणाले, ‘लागू द्या. तुमी सांगाले आले न.’ महिन्यानं ते पैसे गेले. पुढल्या बहाराला काकांनी बगिचा अब्बांनाच दिला.

कुराणातल्या त्या आयतीत लिहिणाऱ्यानं लिहायला नकार देऊ नये असं सांगितलं आहे, हे मी मोठेपणी वाचलं तेव्हा मला माझी ती वही दिसली. जो मुलगा महिनाभर दारात खोटं बोलत होता, त्याच्याच हातून खरं लिहवून घेतलं गेलं.

आता व्यापाऱ्यांची बाजू. मी व्यापाऱ्याच्या घरात वाढलो, म्हणून ती मला ठाऊक आहे. त्याचेही पैसे पुढं अडकतात. दिल्लीचा आडत्या त्याला वायदा देतो. बांगलादेशानं आयात शुल्क वाढवत नेलं, तेव्हा सर्वांत आधी होरपळला तो गावातला लहान व्यापारी. वायद्यांची ही साखळी आहे आणि वरूडचा व्यापारी तिच्या मधल्या कडीवर आहे. अडचण खरी असेल तर सवड द्यावी, ही धर्माची शिकवण शेतकऱ्यालाही लागू आहे, आणि शेतकरी ती देतोही. पण सवड मागायला समोर यावं लागतं. फोन उचलावा लागतो. अडलेला माणूस तारीख पुढची मागतो, टाळणारा माणूस तारीखच देत नाही. या दोघांत फरक करायला मुफ्तीही लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

हे फक्त व्यापाऱ्यांचं नाही. आम्हा नोकरदारांना पहिल्या तारखेला पगार मिळतो, पण शिंप्याला, दूधवाल्याला, घरी धुणंभांडी करणाऱ्या बाईंना आम्हीही ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणतो. ईदचे कपडे कापड लाइनीतल्या दुकानातून उधार येतात, आणि पुढच्या ईदपर्यंत दुकानाच्या त्या बाजूनं जाणं टाळलं जातं. मुस्लिम घरांत हे होतं, मी पाहिलं आहे, म्हणून लिहितो. इतर घरांतही दिवाळीनंतर असंच होतं, हे तिथले मित्र सांगतात.

रमजानचा आणि याचा संबंध मला रोजाच्या घड्याळात दिसतो. रोजा म्हणजे ठरलेल्या वेळेपर्यंत थांबणं. सहरी संपायची वेळ मिनिटासह छापलेली असते, इफ्तारचीही. दिवसभर उपाशी माणूस समोर खजूर ठेवून शेवटचं मिनिट मोजतो, एक मिनिट आधी तोंडात टाकत नाही. थांबणं सोसतं, कारण ते कधी संपणार हे माहीत असतं. इफ्तारची वेळच कोणी सांगितली नाही, ‘होऊन जाईल’ म्हटलं, तर कोण रोजा धरू शकेल? शेतकऱ्याला आपण नेमकं तेच करायला लावतो.

दानालाही तारीख आहे. फित्रा, म्हणजे गरिबांना द्यायचं धान्य किंवा त्याची किंमत, ईदच्या नमाजाआधी पोचवायचा असतो. नमाजानंतर दिला तर तो साधं दान होतो, फित्रा राहत नाही. याच महिन्यात बहुतेक लोक जकातीचा हिशेब करतात, अडीच टक्क्यांचा. त्या वहीत आपल्याला कोणाकडून येणं आहे हे बारकाईनं लिहिलं जातं. आपलं कोणाला देणं थकलं आहे, त्याची ओळही तितक्याच बारकाईनं लिहावी. दुसऱ्याचे पैसे खिशात ठेवून केलेल्या दानाचा हिशेब वर कसा लागेल, मला माहीत नाही. देणं राहिलेल्या माणसाचा जनाजा आला तर पैगंबर थांबत, त्याचं देणं कोणी अंगावर घेतल्यावरच नमाज पढवत, हे मात्र माहीत आहे.

यंदा ईद आणि गुढीपाडवा अगदी लागून आले आहेत, आणि मार्चअखेरही तिथंच आहे. पाडव्याला आपल्याकडे सालगड्याचा करार होतो, वर्षाचं साल ठरतं. म्हणजे त्याच आठवड्यात वऱ्हाडातल्या हिंदू-मुस्लिम दोघांच्याही घरी जुनं मिटवून नवं ठरवायची वेळ आहे. माझं मागणं लहान आहे. मृग बहाराच्या ज्या सौदाचिठ्ठ्या अजून उघड्या आहेत, त्यांवर ईद-पाडव्याच्या आत एक ओळ वाढवा : उरलेली रक्कम किती, आणि कोणत्या तारखेला. खाली दोन सह्या घ्या. तारीख जवळची नसली तरी चालेल, पण लिहिलेली असावी. जमणार नसेल तर तारखेच्या आधी जाऊन सांगा. बाजार समितीला आणि शेतकरी संघटनांना वाटलं तर त्यांनी सौदाचिठ्ठीचा एक छापील नमुना काढावा, त्यात मुदतीचा रकाना सक्तीचा ठेवावा, आणि तारीख चुकली तर शेतकऱ्याचं खरोखर झालेलं नुकसान कोण भरणार हेही त्यात आधीच ठरवावं. ऊसवाल्यांना चौदा दिवस मिळाले ते मागितल्यावरच.

उद्या तास आहे. पहिल्या बाकावरच्या त्या मुलीला मी सांगणार आहे की, तिचं म्हणणं बरोबर होतं. आणि सगळ्या वर्गाला घरचा अभ्यास देणार आहे : आपल्या घरातली एक उधारीची चिठ्ठी आणा, घ्यायची असो की द्यायची, आणि तिच्यावर तारीख आहे का ते पाहा. नसेल तर वडिलांना विचारून लिहा. लिहायला पोरं घरोघरी आहेत. अकरा वर्षांचा मुलगाही ते लिहू शकतो.